संपर्कभाषा, राजभाषा, ज्ञानभाषा : इंग्रजीला नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न : भारतातल्या इंग्रजीबद्दल वाचताना कधी ‘संपर्कभाषा’, कधी ‘सहराजभाषा’, तर कधी ‘ज्ञानभाषा’ असे शब्द दिसतात. हे समानार्थी आहेत का?

उत्तर : मुळीच नाहीत. ‘राजभाषा’ हा कायद्याने दिलेला दर्जा आहे. घटनेच्या कलम ३४३ प्रमाणे संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी. इंग्रजीला पंधरा वर्षांची, म्हणजे २६ जानेवारी १९६५ पर्यंतची मुदत होती. ती संपायच्या आधीच १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने इंग्रजी चालू ठेवायची सोय केली. पण ‘चालू ठेवता येईल’ एवढ्या मोघम शब्दांवर मद्रास राज्याचा विश्वास बसेना. १९६५ मध्ये तिथे मोठं आंदोलन पेटलं, माणसं मेली. मग १९६७ च्या दुरुस्तीत पक्कं कलम आलं : हिंदी न स्वीकारलेल्या सगळ्या राज्यांच्या विधिमंडळांनी इंग्रजी बंद करण्याचा ठराव केला आणि नंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांनीही केला, तरच इंग्रजी जाईल. एक राज्य जरी अडून बसलं तरी ती राहणार. म्हणून व्यवहारात तिला ‘सहराजभाषा’ म्हणतात. ‘राष्ट्रभाषा’ हा दर्जा मात्र घटनेने कुठल्याच भाषेला दिलेला नाही. आपल्याकडे हिंदीबद्दल तो शब्द सर्रास वापरतात, तो थांबायला हवा.

‘संपर्कभाषा’ हे भाषेचं काम आहे. दोन वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं जिच्यातून एकमेकांशी बोलतात ती. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे देशभरात तीन लाखांच्याही आत होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती सांगणारे बारा कोटींच्या वर. हा आकडा संपर्कभाषेचा आहे.

दुसरा प्रश्न : मग जिथे इंग्रजी राजभाषा आहे, तिथे ती आपोआप संपर्कभाषाही होते ना?

उत्तर : नागालँडकडे बघा. १९६७ पासून राज्याची राजभाषा इंग्रजी. अंगामी, आओ, लोथा, कोन्याक अशा अनेक जमाती, प्रत्येकीची भाषा वेगळी. एखाद्या जमातीची भाषा निवडली असती तर बाकीच्या दुखावल्या असत्या, इंग्रजी कुणाचीच नव्हती. पण कोहिमा किंवा दिमापूरच्या बाजारात भाजीचा भाव ठरतो तो नागामीजमध्ये. असमियाच्या पायावर उभी राहिलेली ही बोली कुठल्याही कायद्याने नेमलेली नाही. कचेरीची संपर्कभाषा एक आणि बाजाराची दुसरी, हे एकाच गावात सहज नांदतं. त्यामुळे ‘इंग्रजी ही भारताची संपर्कभाषा’ असं सरसकट लिहिणं चूक आहे. कुणाची, कुठली, ते सांगायला हवं. उच्च न्यायालयातल्या वकिलांची, प्रयोगशाळांची, बंगळुरूच्या कंपन्यांची ती नक्कीच आहे.

तिसरा प्रश्न : आणि ‘ज्ञानभाषा’?

उत्तर : इथला गोंधळ मला सगळ्यांत महाग वाटतो. जिच्यात विचार मांडले जातात, पुस्तकं लिहिली जातात, मूल प्रश्न विचारतं, ती ज्ञानभाषा. संपर्कभाषा विषय म्हणून उत्तम शिकता येते. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही ‘इंग्रजी यायला हवी’ या रास्त मागणीचं ‘सगळं इंग्रजीतूनच शिकायला हवं’ असं रूपांतर होतं आणि पोर विज्ञानाच्या व्याख्या अर्थ न कळता घोकत बसतं. पालकांना बोल लावून उपयोग नाही. नोकरीच्या मुलाखतीत काय विचारतात ते त्यांना माहीत असतं. पण दोन शब्द वेगळे ठेवले तर निदान मागणी नेमकी करता येईल : इंग्रजी चांगली शिकवा, भूगोल मराठीत राहू द्या.

चौथा प्रश्न : ‘संपर्क भाषा’ तोडून लिहायचं की जोडून?

उत्तर : सामासिक शब्द आहे, जोडूनच. ‘राजभाषा’ आपण तोडत नाही, तसंच ‘संपर्कभाषा’ आणि ‘सहराजभाषा’.