मदत हवी आहे: ओढ्यात बुडालेली इम्पल्स, दोनदा ऑइल बदललं तरी चहासारखंच निघतंय

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलचक होईल, पण काय काय केलं ते क्रमाने सांगितलं नाही तर तुम्हालाही अंदाज येणार नाही.

गाडी हिरो इम्पल्स, 150 ची, कार्ब्युरेटरवाली, एअर कूल्ड. मूळची दादाची. तो नोकरीसाठी बाहेर गेला तेव्हा किल्ली हातात देऊन म्हणाला होता, "विकायची नाही." पुण्यात कोथरूडहून ऑफिसला तीच आणि रविवारी डोंगरातही तीच. हे मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली. आतलं काही मोडलं तर पार्ट कुठून आणायचा, ही खरी धास्ती आहे.

गेल्या रविवारी वेल्ह्याहून केळदच्या बाजूला चालले होते. वाटेत एका ओढ्यावर फरशी आहे, तिच्यावरून पाणी वाहत होतं. गुडघ्याच्या खालीच होतं. समोरून एक जीप आरामात आली, ती पाहून मीही पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली. फरशीची कड पाण्याने खाल्ली होती, गढूळ पाण्यात ते दिसलं नाही. पुढचं चाक घसरलं आणि गाडी आडवी. इंजिन चालूच होतं. किल्लीपर्यंत हात जायच्या आत घुसमटल्यासारखा आवाज करून बंद पडलं. शेजारच्या खाचरात लावणी चालू होती, तिथले दोघे दादा धावत आले आणि तिघांनी मिळून गाडी उभी केली. दीड-दोन मिनिटं पाण्याखाली असेल.

इथे माझ्याकडून चूक झाली. घाबरून एकदा सेल्फ मारला. 'टक्' असा एकच आवाज आला आणि सगळं जागच्या जागी अडकलं. मग परत बटणाला हात लावला नाही. टूलकिटमधल्या पान्याने प्लग काढला, किल्ली बंद, गाडी न्यूट्रलला, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारली. प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली ती थेट रेनकोटवर. तिसऱ्या-चौथ्या किकपर्यंत मातकट पाणी, मग तुषार, मग नुसती हवा आणि पेट्रोलचा वास. गाडी तिथे सुरू करायचा मोह टाळला आणि छोटा हत्ती बोलावून पाबे घाटातून घरी आणली.

रात्रीच एअर फिल्टरचा डबा उघडला, तळाला वाटीभर पाणी होतं. फिल्टर टाकून दिला. कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल केला तर आधी पाणी, मग पेट्रोल. टाकी पूर्ण रिकामी केली. ऑइलला मात्र सकाळपर्यंत हात लावला नाही, कारण पाणी जड, रात्रभरात खाली बसेल असं वाटलं. तसंच झालं. ड्रेन बोल्ट हळूहळू फिरवला तर पहिल्यांदा कपभर जवळजवळ स्वच्छ पाणी आलं, आणि त्यामागून जे आलं ते ऑइल म्हणवत नाही. उकळून ठेवलेल्या दुधाच्या चहासारखं, वर फेस.

साधं 10W-30 भरलं, नवा प्लग लावला, पाचव्या किकला सुरू झाली. सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि थेंब. पाच मिनिटं चालवून ऑइल काढलं: चहा. पुन्हा नवीन भरलं, पुन्हा पाच मिनिटं: चहाच, फक्त थोडा गडद.

आता हे किती वेळा करायचं? की इंजिन उघडायला द्यायचं? घराजवळच्या गॅरेजवाल्या काकांचं म्हणणं, "लिटरभर डिझेल टाकून दहा मिनिटं चालव, सगळं धुऊन निघेल." मला ते पटत नाहीये, पण नाही म्हणायला कारणही सापडत नाहीये. आणि त्या 'टक्'मुळे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा) वाकला असेल का? परवापासून इंजिनातून आवाज येतोय असं वाटतं, मग वाटतं भासच आहे. झोप लागत नाही नीट.

प्रतिसाद

ताई, डिझेल टाकून इंजिन चालू करू नका. क्रँकची आणि पिस्टन पिनची बेअरिंगं ऑइलच्या थरावर टिकतात. डिझेल तो थर धरत नाही, उलट आहे तोही धुऊन नेतं. आणि सगळं कधीच निथळत नाही, उरलेलं डिझेल तुमच्या पुढच्या चांगल्या ऑइलला पातळ करतं. काकांचा हेतू चांगला आहे, पण स्वस्त ऑइलनेच धुवा. फक्त डब्यावर 'जासो एमए' (JASO MA, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारं ऑइल) लिहिलेलं बघा. कारचं ऑइल स्वस्त पडतं म्हणून घालू नका, आपला क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागेल.

प्रतिसाद

आधी रॉडचं बोलू, कारण झोप त्याने उडाली आहे.

पाणी दाबलं जात नाही. 150 सीसीच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन 9 ला 1 च्या आसपास धरलं, तर पिस्टन पार वर आल्यावर सिलिंडरच्या डोक्यात उरते ती जागा 18-19 मिलीची. खोकल्याच्या औषधाची दोन टोपणं. त्याहून जास्त पाणी आत असलं की पिस्टन वर जाऊच शकत नाही, आणि इंजिन जोरात फिरत असेल तर वाकतो तो रॉड. तुमची गाडी पहिल्या गिअरमध्ये हळू चालली होती, म्हणजे आरपीएम कमी. सेल्फच्या मोटरमध्ये 'टक्' करून थांबण्याइतकाच जोर असतो, रॉड वाकवण्याइतका सहसा नसतो. तरी खात्री करा.

प्लग काढा, मेन स्टँडवर किंवा विटा लावून मागचं चाक उचला, चौथा गिअर टाका आणि चाक हाताने सावकाश फिरवा. पूर्ण फेरीत कुठेही एका ठिकाणी जड लागतं का, खरखर जाणवते का, हे हाताला कळतं. मग प्लगच्या भोकातून प्लॅस्टिकची स्ट्रॉ सोडा, पिस्टन सर्वात वर आणा आणि चाक किंचित मागेपुढे हलवा. चाक हलतंय पण स्ट्रॉ क्षणभर थांबून मग दचकते असं वाटलं तर बेअरिंगमध्ये खेळ आहे. चेनची ढील त्यात मिसळते, ती आधी बोटाने ताणून घ्या. कॉम्प्रेशन गेज मिळालं तर मोजा, पण आधीचा आकडा माहीत नसताना एका मापावरून काही ठरवू नका.

ऑइलचं म्हणाल तर दोनदा बदलून चहा निघणं अगदी अपेक्षित आहे. ड्रेनमधून सगळं येत नाही. क्लच कव्हरच्या कोपऱ्यात, हेडमध्ये, टायमिंग चेनच्या बोळात, गिअरांच्या दातांत बरंच चिकटून राहतं. आणि पाच मिनिटं जागेवर चालवून पाणी उडत नाही, ऑइल चांगलं तापावं लागतं. उलट थंड गाडी सुरू-बंद करत राहिलात तर पावसाळ्यात आतल्या आत दव धरतं. पण दुधाळ ऑइलवर लांब फिरायलाही जाऊ नका, बेअरिंगांना तेच घातक. म्हणून क्रम असा ठेवा: रंग तपकिरी होईपर्यंत थोडं चालवून काढत राहा, ऑइलची जाळी काढून धुवा, आणि मगच एक सावकाश, सलग वीसेक किलोमीटरची फेरी. ती झाली की गरम असतानाच शेवटचं बदला.

एक विचारतो, ब्रीदर पाईप (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) पाहिलात का? इंजिन गरम होतं, ओढ्याचं पाणी गार. आतली हवा आकसली की इंजिन त्या पाईपमधून पाणी ओढून घेतं. पाईपच्या खोलगट वळणात पाणी साठलं असेल, तर तुम्ही ऑइल बदलता आणि ते पुन्हा आत जातं.

प्रतिसाद

वेळ दवडू नका एवढंच सांगायला आलो. 2024 च्या 25 जुलैला सिंहगड रस्त्याला पाणी शिरलं तेव्हा माझी गाडी पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडाली होती. मेकॅनिककडे रांगा, म्हणून "नंबर लागेल तेव्हा बघू" म्हणत बारा दिवस तशीच ठेवली. उघडली तेव्हा क्रँकच्या बेअरिंगला गंज चढला होता. पहिल्याच दिवशी ऑइल काढून नवं भरून नुसती किक मारून ठेवली असती तरी वाचली असती. तुम्ही केलंत ते योग्य केलंत.

आणि काढलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून बघा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते पाण्याला धरून तळाशी वेगळा थर करतं. थर दिसला तर ते पेट्रोल परत टाकीत घालू नका.

धागाकर्ती

ब्रीदर! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल संध्याकाळी टाकी उतरवून पाईप काढला. वळणावर बोट दाबलं तर पिवळट, लोण्यासारखा गोळा बाहेर आला आणि त्यामागे दोन चमचे पाणी. पाईप केरोसिनने धुऊन, फुंकून, वाळवून बसवला. जाळीवरही तसंच लोणी होतं, शिवाय ओढ्याची बारीक रेती. ती बघून पोटात गोळा आला.

चाक हाताने फिरवून पाहिलं. कुठेही अडकत नाही. स्ट्रॉची परीक्षा तीनदा केली, शेजारच्या दादांनाही करायला लावली. त्यांनाही खेळ जाणवला नाही.

तिसरं ऑइल दुधाच्या कॉफीसारखं निघालं. चौथं आज सकाळी काढलं: काचेच्या ग्लासात उजेडासमोर धरलं, मधासारखं आरपार दिसतंय, फक्त तळाला किंचित धुरकट. काढलेलं सगळं कॅनमध्ये साठवलंय, गॅरेजवाले काका जुन्या ऑइलच्या पिंपात घेतो म्हणाले. डिझेल का नको तेही त्यांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. पेट्रोलच्या बाटलीत थर दिसला, दोन बोटं जाड.

पण जाळीवरच्या रेतीचं काय? ती ऑइल पंपातून गेली असेल का?

प्रतिसाद

पंप जाळीच्या पलीकडून ओढतो, त्यामुळे जाडसर कण जाळीतच अडकले असणार. बारीक गाळ गेला असेल. आता जाळीपर्यंत पोचलाच आहात तर क्लच कव्हर उतरवून तळ फडक्याने पुसून घ्या. गॅस्केट नवीन लागेल, जुनं परत बसवू नका. नाना पेठेत जुनं गॅस्केट नमुन्याला घेऊन जा, नुसत्या मॉडेलच्या नावावर मागितलंत तर दुसरंच हातात देतील.

धागाकर्ती

गॅस्केट मिळालं, तिसऱ्या दुकानात. कव्हर उतरवलं. तळाला रेतीचा पातळ थर होता, बोटावर घेतला तर कणिकेसारखा लागला. पुसून काढला. पाचवं ऑइल भरलं आणि आज पहाटे खडकवासल्यापर्यंत सावकाश जाऊन आले, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. आवाज नाही, धूर नाही. गरम असतानाच ऑइल काढलं: तपकिरी, स्वच्छ, ग्लासाच्या तळाला काही नाही.

दादाला फोटो पाठवलाय. आता चाकांची बेअरिंगं आणि ब्रेक ड्रम उघडायचे आहेत, पुढच्या चाकातून फिरवताना बारीक कुरकुर येते. त्यावर कोणी सांगू शकेल तर इथेच लिहा.