उत्तर: पोपट, कुत्रा आणि बिबट्या

'कुत्रा चालतो, मग गॅलरीतला पोपट का नाही?' असा घरी प्राणी पाळण्याबद्दलचा प्रश्न आलाय. कारण आपला हिरवा कंठवाला पोपट कायद्याने वन्यजीव आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा. आजोबांच्या वेळेपासून असला तरी. 'नशीब उजळतं' म्हणून बादलीत ठेवलेलं स्टार कासवही त्यातच. (नशिबाने वनखातं दारात येतं, एवढं खरं.) बजरीगर (छोटा परदेशी पोपट) मात्र हौसेने पाळा.

कुत्र्याला पालिकेचा परवाना आणि रेबीजची लस हवी. सोसायटीने ठराव करून कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही.

आता मुंबईतल्या आरेच्या जंगलाजवळच्या सोसायटीची 'बिबट्यासाठी पिंजरा लावा' ही मागणी. बिबट्या याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही, आणि तीही तो माणसांच्या जिवाला धोकादायक ठरला किंवा बरा न होण्याइतका अपंग वा आजारी असला तरच मिळते. शिवाय एक उचलला की रिकाम्या हद्दीत दुसरा येतो. तो येतो भटक्या कुत्र्यांसाठी, कुत्रे येतात कचऱ्यासाठी. आधी गेटबाहेरचा उकिरडा हलवा, अंधाऱ्या कोपऱ्यात दिवे लावा, संध्याकाळनंतर मुलांना एकटं सोडू नका. बिबट्या आवारात शिरलाच तर गर्दी, मोबाइल, आरडाओरडा नको. वनविभागाला १९२६ वर फोन करा.