प्रतिसाद: नाव हिचकॉकचं, निवड कुणाची?

वर कुणीतरी लिहिलंय की सिनेदिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या नावाने निघालेल्या त्या जुन्या इंग्रजी रहस्यकथासंग्रहातल्या कथा हिचकॉकने स्वतः निवडल्या. तसं नाही हो. मुखपृष्ठावर चेहरा त्याचा, पण अशा बऱ्याच संग्रहांची निवड आणि त्याच्या नावच्या प्रस्तावनाही रॉबर्ट आर्थर या लेखक-संपादकाने पडद्यामागून केलेल्या. म्हणून माल हलका, असं मात्र नाही!

मला असाच एक नाशिकरोडच्या रद्दीवाल्याकडे किलोच्या भावात मिळाला. गोदेला पूर, दिवे गेलेले, मेणबत्तीवर वाचत बसलो. खून पहिल्याच पानावर, खुनीही माहीत, तरी जीव टांगणीला: आता हा सापडणार कसा? पानं पिवळी, वाळवीने कोपरे खाल्लेले. एका कथेचं शेवटचं पानच गायब. तीच डोक्यातून जात नाही.