मदत हवी आहे: 'फिंगरस्मिथ' वाचताना बैठक कुठे थांबवावी?

वाचनगटासाठी सारा वॉटर्स यांची 'फिंगरस्मिथ' (२००२) ही कादंबरी चार बैठकांत बसवायची आहे. व्हिक्टोरियन लंडन, चोरांच्या घरात वाढलेली सू, जिला फसवायचं ती मॉड, आणि डावात कुणी न धरलेलं दोघींचं प्रेम.

अडचण रचनेची आहे. तीन भागांपैकी पहिला आणि तिसरा सू सांगते, मधला मॉड. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी डाव उलटतो. त्याच्या अलीकडे थांबलं तर कुणीतरी पुढचं वाचून येतं आणि रहस्य फुटतं, म्हणून तो भाग सलग संपवणंच बरं. पण मग मॉड त्याच घटना पुन्हा सांगायला लागते आणि बरेच जण नेमकं तिथेच पुस्तक मिटतात. खरी प्रेमकथा तर तिथेच उलगडते! सू अंगुस्तानाने मॉडचा टोकदार दात घासते, तो प्रसंग ध्यानात ठेवून पुढे वाचलं तर बारीकसारीक खुणा दिसतात.

दुसरा भाग कुठे तोडावा? ताडून पाहायला आणखी कोणते प्रसंग घ्यावेत? याच कादंबरीवर बेतलेला 'द हँडमेडन' (२०१६) हा चित्रपट आधी दाखवायचा नाही, पहिला धक्का त्यातच फुकट जातो.

यानंतर कॅथरीन फॉरेस्ट यांच्या रहस्यकादंबऱ्यांची नायिका केट डेलाफिल्ड, ही लॉस एंजेलिसची समलैंगिक पोलीस डिटेक्टिव्ह घ्यावी का? सुरुवात 'अ‍ॅमॅच्युअर सिटी'पासून (१९८४).