व्होराडोरचं डोकं आणि केनची नवी आठवण

'लेगसी ऑफ केन' या व्हॅम्पायरांच्या व्हिडिओ गेम मालिकेतला 'ब्लड ओमेन 2' (2002) तिच्या काळरेषेत बसतच नाही, तेव्हा तो मोडीत काढा, हे मत मला पटत नाही. त्याच मालिकेतल्या 'सोल रीव्हर 2'चा शेवट परत बघा. व्हॅम्पायर नायक केन हा त्याचा जुना सरदार रझिएलच्या अंगातून तलवार उपसतो, इतिहास वळण बदलतो आणि केनच्या डोक्यात नव्या आठवणी उमटायला लागतात. तो घाबरून ओरडतो की जानोस (एक प्राचीन व्हॅम्पायर) मेलेलाच राहिला पाहिजे! हा एवढा घाबरतो, म्हणजे त्याला काहीतरी भयंकर आठवलंय. माझ्या मते ते 'ब्लड ओमेन 2'च, कारण त्यात जानोस जिवंत आहे. पुढे 'डिफायन्स'मध्ये (2003) रझिएल जानोसला जिवंत करतो आणि हिल्डेन, म्हणजे व्हॅम्पायरांची प्राचीन शत्रू जमात, त्याच्या शरीराचा ताबा घेते. इथपर्यंत साखळी छान जुळते.

घोडं अडतं ते व्होराडोर या जुन्या व्हॅम्पायरपाशी. पहिल्या गेममध्ये काळावर ताबा असलेला मोबियस त्याचा गिलोटिनखाली शिरच्छेद करवतो, तोही भर गर्दीत आणि केनच्या डोळ्यांदेखत. आणि 'ब्लड ओमेन 2'मध्ये हे महाशय धडधाकट! बदललेल्या इतिहासात शिरच्छेद झालाच नाही म्हणावं, तर त्या बदलाचा गिलोटिनशी संबंध कसा लावायचा? कुणीतरी त्याला नंतर उठवलं, हा तर्क मला जास्त झेपतो. पुरावा मात्र शून्य.