दलित पँथर जाहीरनाम्यामुळे फुटली म्हणणाऱ्यांना उत्तर

काळाचौकी : काल इथे एकाने लिहिलं, ‘नामदेव ढसाळांनी जाहीरनाम्यात सगळ्यांनाच दलित केलं आणि दलित पँथर ही संघटना बुडवली.’ वाचून डोकं तापलं. १९७३च्या जाहीरनाम्यात दलित म्हणून होतं कोण? अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया. यातलं तुम्हाला परकं कोण वाटतं? बाबासाहेबांनी १९३६ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि खोतीविरोधात, म्हणजे खोतांच्या जमीनदारीविरोधात, कोकणातल्या कुणब्यांनाही सोबत घेतलं. जानेवारी १९७४ला वरळीच्या दंगलीत पँथरची पोरं मार खात होती, त्यात भागवत जाधव गेला. त्याच वर्षी आपले नेते कोण कम्युनिस्ट आणि कोण बौद्ध याचा निवाडा करत बसले.

नागसेनवन : ते मीच लिहिलं, आणि अजूनही तेच म्हणतो. मग १९४२ला अनुसूचित जातींचं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन का काढावं लागलं? १९५२च्या निवडणुकीत कम्युनिस्ट नेते डांग्यांच्या लोकांनी ‘मतं कुजवा’, म्हणजे वाया घालवा, असा प्रचार केला, बाबासाहेब पडले. पँथरचेच राजा ढाले या डाव्या वळणावर उगाच चिडले नव्हते. मी कॉलेजात डाव्या संघटनेत होतो. आमच्या वस्तीतल्या पोराला मारलं तेव्हा हेच कॉम्रेड म्हणाले, याला जातीचा रंग देऊ नका. त्याच दिवशी मी बाहेर पडलो.

गोदाकाठ : डाव्यांबरोबर जाऊन काहीच मिळालं नाही म्हणता? रिपब्लिकन पक्षाच्या दादासाहेब गायकवाडांचा १९६४चा भूमिहीनांचा सत्याग्रह विसरलात? माझी आजी तान्हं मूल घेऊन जेलात गेली. तिला मार्क्स माहीत नव्हता, गायरान माहीत होतं.

नागसेनवन : आणि १९६७ला तेच दादासाहेब काँग्रेसबरोबर गेले. दारं उघडी टाकली की असंच होतं.

गोदाकाठ : तोंड सांभाळून बोला. १९५९ला बी. सी. कांबळ्यांनी रिपब्लिकन पक्ष फोडून ‘दुरुस्त’ गट काढला, दादासाहेबांचा तो ‘नादुरुस्त’. शिकलेल्यांनी त्यांना धोतरवाले म्हणून हिणवलं. ही शुद्धता नव्हे, वकिलांचा माज होता. आमच्या तालुक्यात आजही दोन जयंत्या निघतात, दोन मिरवणुका, दोन वर्गण्या.

नागसेनवन : वर्गणीचा इथे काय संबंध?

गोदाकाठ : आहे संबंध. एका गावात एक मिरवणूक निघू शकत नाही, तर तुमची शुद्ध विचारधारा कुणासाठी?

सातपुड्याची लेक : दादा, तुम्ही दोघंही यादीवर भांडताय. यादीत स्त्रिया होत्या, पण निर्णयाच्या जागी किती होत्या? माझी आई मोर्चात पुढे असायची, बैठकीत मात्र चहा तिनेच करायचा. यादीत नाव घालणं सोपं असतं, खुर्ची द्यायला नको असते.

काळाचौकी : ताई, हे खरं आहे, नाकारत नाही. पण नावच खोडलं असतं तर खुर्ची कुठल्या तोंडाने मागितली असती?

नागसेनवन : जाहीरनाम्यातली यादी चुकीची नव्हती, एवढं मान्य करतो. ती चालवायला निघालेल्यांवर विश्वास नव्हता. ढसाळ पुढे शिवसेनेबरोबर गेले, हे तरी तुम्ही मान्य करा.

काळाचौकी : गेले. मलाही ते सलतं. पण १९७३ला लिहिलेलं त्यामुळे खोटं ठरत नाही.