सुरक्षा आणि नवी मांडणी एकाच गाठोड्यात का?

कळफलक:
वर्षानुवर्षं वापरत असलेला ब्राउझर अपडेट केला आणि रोजची कामं अडली. उच्चारानुसार टाइप करायच्या कीबोर्डवरून शोधपेटीत देवनागरी लिहून एंटर दाबलं की शेवटचं अक्षर गळतं. टॅब बाजूला उभ्या रांगेत दाखवणारं एक्स्टेन्शन बंद पडलं. मेनूतला जो पर्याय डोळे मिटून सापडायचा तो आता दोन पायऱ्या आत गेलाय. जुनी आवृत्ती पुन्हा टाकली, तर ती माझं प्रोफाइल (म्हणजे साठवलेल्या खुणा, पासवर्ड, सेटिंग) उघडायलाच तयार नाही, कारण ते आता नव्या आवृत्तीत वापरलं गेलंय. म्हणजे मागे जायचं तर नवं, रिकामं प्रोफाइल घ्यायचं.

बग कुठल्याही प्रोग्रामात येतात, त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे ते गाठोड्याबद्दल. फायरफॉक्स ३.६ जानेवारी २०१० मध्ये आला आणि ४ मार्च २०११ मध्ये. मधल्या काळात ३.६ ला सुरक्षेचे पॅच, म्हणजे छोट्या दुरुस्त्या, मिळत राहिले आणि पडदा मात्र तसाच राहिला. त्यानंतर दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली आणि २०२० पासून दर चार आठवड्यांनी. क्रोमही २०२१ मध्ये ९४व्या आवृत्तीपासून चार आठवड्यांवर आला. आता सुरक्षेतलं भोक बुजवून हवं असेल तर नवं बटण, नवा रंग, हललेला मेनू हे सगळं त्यासोबत घ्यावंच लागतं. सुरक्षेचे पॅच आपोआप येऊ द्या, बाकीचे बदल मला विचारून करा, एवढीच माझी मागणी आहे. ती मान्य होत नाही म्हणून लोक अपडेटच बंद करतात, आणि त्यांना दोष देणं मला पटत नाही.

पहारा:
शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. अनोळखी माणसांनी लिहिलेला कोड दिवसभर आपल्या यंत्रावर चालवणं हेच ब्राउझरचं काम. क्रोमियम (क्रोम ज्यावर उभा आहे तो प्रकल्प) आणि फायरफॉक्स दोन्हींचा कोड खुला आहे. दुरुस्ती त्यात उतरली की ती वाचून भोक कुठे होतं हे हल्लेखोरांनाही कळतं. दुरुस्ती झाल्यापासून ती तुमच्यापर्यंत पोचेपर्यंतचा काळ सगळ्यात धोक्याचा. ऑगस्ट २०२३ मध्ये क्रोम ११६ पासून सुरक्षा अपडेट दर आठवड्याला येऊ लागले ते हा काळ कमी करण्यासाठीच. अशा वेळी अपडेट बंद ठेवणाऱ्याची बाजू घेणं बेजबाबदारपणाचं आहे.

आणि जुन्या संथ काळाचं एवढं कौतुक नको. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आला २००१ मध्ये, ७ आला २००६ मध्ये. त्या पाच वर्षांची किंमत वेबसाइट बनवणाऱ्यांनी पुढे कितीतरी वर्षं मोजली.

कळफलक:
एक्स्प्लोरर ६ चं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे ब्राउझर पुढे नेणंच थांबलं होतं. मी कुणाला थांबा म्हणत नाही. जुन्या आवृत्तीला फक्त पॅच देत राहणं शक्य आहे याचा पुरावा समोर आहे: विंडोज ७ आणि ८ वाल्यांसाठी फायरफॉक्स ईएसआर (लांब मुदतीची आवृत्ती) ११५ ला ठरलेल्या मुदतीनंतरही सुरक्षा अपडेट चालू ठेवले गेले. इच्छा असली की जमतं.

सांधेजोड:
इच्छेइतकाच हा मनुष्यबळाचाही प्रश्न आहे. मी प्रोग्रामिंगच्या कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. नव्या कोडमधली दुरुस्ती जुन्या कोडमध्ये जशीच्या तशी बसत नाही. मधल्या काळात फाइल्स हललेल्या असतात, फंक्शन बदललेली असतात. ती दुरुस्ती पुन्हा लिहावी लागते आणि पुन्हा तपासावी लागते. एका जुन्या शाखेसाठी हे करता येतं. 'मला हा बदल हवा, तो नको' अशा प्रत्येकाच्या निवडीसाठी नाही, कारण निवडी वाढल्या की तपासायच्या जोड्या आटोक्याबाहेर जातात, आणि न तपासलेल्या जोडीतूनच तुम्हाला आलेत तसे बग निघतात.

दुसरं, सुरक्षा आणि 'बाकीचे बदल' यांतली रेघ तुम्ही समजता तितकी स्वच्छ नाही. २०१८ च्या सुरुवातीला स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष उघड झाला. त्यावर क्रोमने ६७व्या आवृत्तीत डेस्कटॉपवर वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये (एकमेकांपासून अलग चालणाऱ्या कामांत) ठेवायला सुरुवात केली. मेमरी जास्त लागू लागली आणि लोकांनी तक्रारीही केल्या. पण तो बदल म्हणजेच सुरक्षा होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन काढली, तेव्हाही असाच पेच होता. ती एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आतड्यापर्यंत हात घालत, त्यामुळे आतलं काहीही हलवलं की कुठलं तरी एक्स्टेन्शन मोडायचं. ती तशीच ठेवून ब्राउझरचं काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणं फार जड गेलं असतं.

कानोसा:
वर दिलेल्या फायरफॉक्स ५७ च्या उदाहरणाची दुसरी बाजू सांगते. मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करते. ५७ आला तेव्हा विंडोजवर स्क्रीन रीडरसोबत तो इतका मंद चालत होता की काही काळ ईएसआर ५२ वरच राहा असा सल्ला मोझिलाच्या (फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेच्या) सुलभतेचं काम पाहणाऱ्यांकडूनच आला होता. तो सल्ला वेळेवर आला, आणि राहायला पर्यायी जागा होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बघणाऱ्याला हललेलं बटण चार सेकंद शोधावं लागतं. आम्ही टॅब दाबत एकेक घटक ऐकत जातो. क्रम बदलला, एखाद्या बटणाचं नाव वाचलं जाईना, की सगळी वाट नव्याने पाठ करायची. 'सवय होईल' असं सहज म्हणणाऱ्यांनी एकदा पडदा बंद करून तो मेनू वापरून बघावा.

पहारा:
हे मान्य. पण ईएसआरवर राहणं म्हणजे अपडेट बंद करणं नव्हे. मी विरोध करतोय तो बंद करण्याला.

शिवाय अपडेट रोखल्याने शांतता मिळते असंही नाही. ४ मे २०१९ ला फायरफॉक्सची एक्स्टेन्शन जगभर एकाएकी बंद पडली. कुणी काही अपडेट केलेलं नव्हतं. एक्स्टेन्शनच्या सह्या तपासण्यासाठी लागणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती, बस्स. पहिली तातडीची दुरुस्ती आली ती 'स्टडीज' या, मोझिलाला छोटे प्रयोग पाठवू देणाऱ्या सोयीतून. ज्यांनी ती सोय बंद ठेवली होती त्यांना ६६.०.४ ही आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागलं.

मध्यरात्र:
पण उलट घडतं तेही सांगा की. डिसेंबर २०१९ मध्ये अँड्रॉइडवर क्रोम ७९ आला आणि वेबव्ह्यूवर (ॲपच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या भागावर) चालणाऱ्या कितीतरी ॲपमधला साठवलेला डेटा वापरणाऱ्यांना दिसेनासा झाला. साठवणीची जागा बदलली होती आणि जुना डेटा तिकडे नेलाच नव्हता. अपडेटचं वाटप मध्येच थांबवावं लागलं. अपडेट आल्या दिवशी न घेता चार दिवस थांबणाऱ्याला घाबरट म्हणू नये.

सांधेजोड:
अपडेट टप्प्याटप्प्याने वाटतात म्हणूनच ते थांबवता आलं. सगळेच थांबले तर बग सापडणार कुणाला?

@कळफलक, तुमच्या अक्षर गळण्याबद्दल. उच्चारानुसार टाइप करताना शब्द पक्का होईपर्यंत तो 'जुळणी चालू' अशा तात्पुरत्या अवस्थेत असतो. ती संपण्याआधीच एंटरची घटना हाताळली गेली तर शेवटचं अक्षर पोचत नाही. इंग्रजी कीबोर्डवर ही अवस्था येतच नाही, त्यामुळे तिथे हे कधीच दिसत नाही. आधी एक्स्टेन्शन बंद करून आणि नव्या प्रोफाइलमध्ये बघा. तरीही झालं तर दोष ब्राउझरचा. मग चाचणी-आवृत्त्या अर्ध्या-अर्ध्या वगळत नेमकी कुठल्या दिवशीच्या आवृत्तीत मोडलं ते शोधता येतं. ती तारीख तक्रारीत लिहिली तर दुरुस्ती करणाऱ्याचं निम्मं काम होतं.

कळफलक:
नव्या प्रोफाइलमध्येही होतंय. तारीख शोधून तक्रार नोंदवतो. देवनागरीत टाइप करणाऱ्या बाकीच्यांनीही नोंदवा, नाहीतर हा प्रश्न एकट्या माझाच आहे असं वाटेल.

साइट वेगळ्या ठेवण्यासारखा बदल सुरक्षेचा भाग असतो हे समजलं, तो मला न विचारता करा. पण जून २०२१ मध्ये फायरफॉक्स ८९ ने टॅब जाड केले आणि दाट मांडणीचा पर्याय सेटिंगच्या आत दडवला. त्यात कुठली सुरक्षा होती? अशा बदलांची गाठ पॅचशी घालू नका, हे मी शेवटपर्यंत म्हणणार. कामाच्या यंत्रावर आता लांब मुदतीची आवृत्ती टाकतोय.

पहारा:
जरूर टाका. मात्र वर्षभराचे बदल एकाच दिवशी येतील, तेव्हा कशामुळे काय मोडलं हे शोधणं आणखी अवघड जाईल.

कळफलक:
चालेल. तो दिवस मला आधीपासून माहीत असतो. जुनी आणि नवी लांब मुदतीची आवृत्ती काही आठवडे शेजारी-शेजारी चालू राहते, तेवढ्यात दुसऱ्या प्रोफाइलमध्ये सगळं तपासून घेता येतं. महिन्याच्या मधल्याच एखाद्या सकाळी, काम डोक्यावर असताना मेनू हललेला सापडण्यापेक्षा मला ते परवडतं.